पोळी बाधते म्हणून साडेसोळा हजारांची टेस्ट करू का?

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवर काम करते. वय ३१. तीन वर्षांपासून पोटाचा त्रास आहे. पोट फुगतं, बेंबीखाली कळ येते, सकाळी कंपनीची बस यायच्या आत तीन-चारदा जावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आणि सोनोग्राफी करून आयबीएस सांगितलं. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दोन महिन्यांपासून मीच दूध, पोळी आणि डाळ बंद केली. भाकरी-भातावर आहे. फुगणं कमी झालं, वजन मात्र पाच किलो उतरलं. आता मैत्रिणीने फूड इनटॉलरन्स टेस्ट, म्हणजे कुठलं अन्न सोसत नाही ते शोधणारी टेस्ट, सुचवली आहे. एका लॅबची रक्तावरून २१६ पदार्थांची टेस्ट १६,५०० रुपयांना आहे, हप्ते करून देतात. दुसरीकडे केस पाठवायचे, ४,९९९ रुपये. तिसरीकडे लाळेवरून जीन तपासतात, ९,००० रुपये. पुढच्या महिन्यात माझा भिशीचा नंबर आहे, त्यातून भरीन म्हणते. यातली कुठली टेस्ट करू? मिस्टरांच्या मेडिक्लेममधून पैसे मिळतील का?’
— एक वाचक, नाशिक

नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. तिन्हींपैकी एकही टेस्ट करू नका, आणि हप्ते तर मुळीच बांधून घेऊ नका. कारणं खाली सविस्तर लिहिते. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते पाच किलो वजन उतरणं, जे तुम्ही एका ओळीत उरकलंय.

दूध, पोळी, डाळ एकदम बंद केली आणि त्यांच्या जागी दुसरं काही आणलं नाही, तर वजन उतरणारच. बहुधा तसंच झालं असेल. पण ‘बहुधा’वर सोडून द्यायची ही गोष्ट नाही. आयबीएसमध्ये आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते, आतड्याला जखम किंवा सूज नसते. त्याने माणूस हैराण होतो, पण वाळत नाही. म्हणून वजन उतरणं, शौचातून रक्त जाणं, बारीक ताप राहणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन घसरणं, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार असणं, यातलं काहीही असेल तर आयबीएसचं निदान पुन्हा तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे तो बऱ्याचदा बसतो, आणि साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. औषधांनी तो बरा होतो, पण आधी सापडायला हवा. हे घाबरवायला लिहीत नाही. तुमचं वय कमी आहे आणि खाणं बंद केल्याचं कारण समोर दिसतंय. तरी डॉक्टरांकडे जाऊन ‘दोन महिन्यांत पाच किलो’ हे शब्द त्यांच्या कानावर घालाच.

आता त्या २१६ पदार्थांच्या टेस्टकडे येते. अशा बहुतेक टेस्टमध्ये रक्तातली आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. लॅबला फोन करून ‘आयजीजी मोजता का’ एवढंच विचारा, बहुतेक ठिकाणी ‘हो’ म्हणतील. अडचण अशी की एखाद्या पदार्थाची आयजीजी रक्तात असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता आणि शरीराने त्याची नोंद घेतली आहे, एवढंच. निरोगी माणसातही ती असतात. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली सांगितलं की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी उपयोगाची नाही. अमेरिकेतल्या संघटनेने २०१० साली तेच उचलून धरलं आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ साली.

माझ्याकडे ओपीडीत असे रिपोर्ट घेऊन लोक येतात. जाड, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर नाव, आणि मग पदार्थांच्या पट्ट्या: लाल, पिवळ्या, हिरव्या. मी बाजूला वही घेऊन त्यांना आठवडाभराचं जेवण विचारते. गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ, अंडं. रोजच्या खाण्यातलं जे जे असतं त्यातलं बरंचसं लाल रकान्यात निघतं. हिरव्या रकान्यात ऑयस्टर, टर्की, क्रॅनबेरी, म्हणजे त्या घरात कधीच न शिजलेलं. मग ती व्यक्ती हातातल्या कागदाकडे बघत विचारते, ‘म्हणजे मी खायचं तरी काय?’ हा प्रश्न मला फार लागतो. कारण पोटाचा त्रास तसाच असतो, पैसे गेलेले असतात आणि वर ताटातलं अन्न कमी झालेलं असतं.

लॅबवाले म्हणतील, आम्हाला एनएबीएलची, म्हणजे लॅबचं काम तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता आहे. असेलही, आणि ती खरीही असेल. त्या मान्यतेचा अर्थ एवढाच की लॅब जे मोजते ते नीट मोजते. तराजू अगदी अचूक असला तरी वजनावरून आंबा गोड आहे की आंबट हे कळत नाही. मोजलेल्या आकड्याचा तुमच्या पोटदुखीशी संबंध आहे का, याची हमी मान्यतेत नसते.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या कुणी तुम्हाला ती दाखवली की माझ्यावरचा विश्वास उडेल. २००४ साली मँचेस्टरमध्ये १५० आयबीएस रुग्णांवर अभ्यास झाला. आयजीजीनुसार पदार्थ बंद केलेल्यांना, खोटी यादी दिलेल्यांपेक्षा थोडं जास्त बरं वाटलं. त्यावर आक्षेप असा आला की खऱ्या यादीत गहू आणि दूध जास्त होतं, आणि आयबीएसच्या अनेकांना ते तसंही बाधतं. २०२५ साली अमेरिकेतल्या काही केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आयबीएससाठी मुद्दाम निवडलेल्या थोड्या पदार्थांची टेस्ट होती आणि पोटदुखी कमी झालेल्यांचं प्रमाण खऱ्या यादीत जास्त निघालं. पण खोटी यादी मिळालेल्यांपैकीही पुष्कळांना बरं वाटलं होतं, आणि ती टेस्ट म्हणजे तुम्हाला विकायला आलेली २१६ पदार्थांची टेस्ट नव्हे. संशोधन सुरू आहे, ते होऊ द्या. तुमची भिशी त्यावर लावायची वेळ आलेली नाही.

केसांच्या टेस्टला कसलाही आधार नाही. ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २०११ साली मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीसाठी केसांची तपासणी करू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. मोठ्यांचं शास्त्र वेगळं नाही. जीनच्या टेस्टमधून दुधातली साखर पचवणारं एन्झाइम वयाबरोबर कमी होण्याचा कल कळतो, पण तुम्हाला किती दूध चालेल हे कळत नाही. ते घरी कळतं, आणि फुकट. गव्हाच्या बाबतीत ठरावीक जीन नसतील तर सिलिअ‍ॅक हा आजार जवळपास नाही म्हणता येतं, पण जीन असणं म्हणजे आजार असणं नव्हे. ते जीन साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही.

सिलिअ‍ॅकचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे तुमच्याकडून घाई झाली आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळे काही जणांच्या लहान आतड्याचं अस्तर झडतं. वजन उतरतं, रक्त कमी होतं, पोट फुगतं, जुलाब होतात. उत्तर भारतात हा आजार जास्त दिसतो, आपल्याकडे कमी, पण दिसतो. त्याची तपासणी साधी आहे: रक्तातली टीटीजी-आयजीए नावाची प्रतिद्रव्यं (ही वरच्या आयजीजीपेक्षा वेगळी) आणि सोबत एकूण आयजीए. खासगी लॅबमध्ये दोन्ही मिळून साधारण दोन हजारांच्या घरात होते. पॉझिटिव्ह आली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. ही तपासणी पोळी खात असतानाच करायची असते. गहू बंद केला की प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात. तुम्हाला दोन महिने झाले आहेत. आत्ता केली आणि पॉझिटिव्ह आली तर तिला अर्थ आहे. निगेटिव्ह आली तर त्यावर भरवसा ठेवता येणार नाही. मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे रोज दोनेक पोळ्या सहा-आठ आठवडे खाऊन पुन्हा करावी लागेल. त्रास होईल, मान्य आहे. सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात बसची धास्ती वाटत असेल तर कोणत्या वेळी पोळी खाल्ली की सकाळ त्यातल्या त्यात बरी जाते ते दोन-चार दिवस पाहून ठरवा, पण पोळी टाळू नका. कारण सिलिअ‍ॅक असेल तर गहू जन्मभर आणि काटेकोर सोडावा लागतो. बाजारातल्या बांधानी हिंगातही गव्हाचं पीठ असू शकतं, इतकं बारीक बघावं लागतं. आणि सिलिअ‍ॅक नसेल तर एवढं जाचायचं कारणच नाही.

तुम्ही म्हणाल, मग पोळी सोडल्यावर बरं का वाटलं? गव्हात ग्लुटेनबरोबर फ्रुक्टान नावाची एक कर्बोदकांची साखळीही असते. ती लहान आतड्यात कुणालाच पचत नाही. मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू होतो, पाणी ओढून घेते. ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना त्याची कळ जाणवते. २०१८ साली नॉर्वेत, सिलिअ‍ॅक नाही पण ग्लुटेन बाधतं असं म्हणणाऱ्या ५९ जणांना काय खातोय हे न सांगता वड्या दिल्या. ग्लुटेनच्या वडीपेक्षा फ्रुक्टानच्या वडीने जास्त त्रास झाला. तेव्हा तुमचाही वैरी ग्लुटेन नसून फ्रुक्टान असण्याची शक्यता आहे. आणि फ्रुक्टानचा मोठा साठा कुठे असतो? कांद्यात आणि लसणात. पोळी सोडून भाकरी धरली, पण भाकरीबरोबर ठेचा आणि कांदा चालू असेल, तर त्रास अर्धाच कमी होणार. कॅन्टीनच्या उसळीतही मटकी, कांदा, लसूण एकत्र येतात.

यावरचा खरा अभ्यास ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात झाला. त्यांनी मांडलेल्या आहाराला लो-फॉडमॅप म्हणतात. पोटात आंबणारे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करायचे आणि मग एकेक परत आणून पाहायचं. आपल्या ताटात ते म्हणजे कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा, चवळी, दूध, आंबा, सफरचंद, कलिंगड, फ्लॉवर, मशरूम. तांदूळ, ज्वारी, नाचणी, बटाटा, काकडी, गाजर, पालक, संत्रं, अंडी, मासे, चिकन सहसा चालतात. नाशिकमध्ये राहून कांदा सोडणं जड वाटेल, पण कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बहुतेकांना सोसतो. लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या तर वास तेलात उतरतो, फ्रुक्टान नाही उतरत, कारण ते तेलात विरघळत नाही. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, शिजवल्यावरचंही पाणी काढलं तर त्रासदायक भाग बराच कमी होतो. डाळ पूर्ण बंद करण्यापेक्षा अर्धी वाटी मूगडाळ अशी करून पाहा. पण थांबा: वजनाचा उलगडा होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय नवीन काही बंद करू नका. तुमच्या ताटातून आधीच पुष्कळ गेलंय.

परत आणण्याची पायरी कुणी करत नाही आणि खरं उत्तर तिथेच मिळतं. एका वेळी एकच पदार्थ. दुधाचं असं करा: दोन आठवडे दूध पूर्ण बंद, मग पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक कप, तिसऱ्या दिवशी मोठा ग्लासभर. बाकी जेवण नेहमीचं. कुठे त्रास सुरू झाला तिथे थांबायचं, आणि तीच तुमची मर्यादा. दुधातली साखर न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना जेवणासोबत एक कप दूध चालून जातं. चहातल्या चार चमचे दुधाने तर सहसा काहीच होत नाही. दही-ताकात ती साखर विरजणामुळे कमी झालेली असते आणि तुपात जवळपास नसतेच. घरच्या प्रयोगावर समाधान झालं नाही तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट आहे. दुधातली साखर पाण्यातून पाजतात आणि दर अर्ध्या तासाने श्वासातला हायड्रोजन मोजतात. ती मोठ्या शहरांत पोटविकारतज्ज्ञांकडे होते. अन्न सोसत नाही हे दाखवणारी म्हणून डॉक्टर जी तपासणी मानतात, ती ही.

वहीत रोज काय लिहायचं ते सांगते: कुठली शिफ्ट, काय आणि किती वाजता खाल्लं, किती वेळा गेलात, कळ कुठे, पाळीचा कितवा दिवस. पाळीच्या आसपास आणि रात्रपाळीत आयबीएस बऱ्याच जणींना वाढतं. हे लिहिलं नाही तर सगळा दोष त्या दिवशीच्या भाजीवर जातो.

आता पैशांचं. मिस्टरांच्या मेडिक्लेममधून या टेस्टचे पैसे मिळायची शक्यता जवळपास नाही. साध्या पॉलिसीत दवाखान्यात दाखल झाल्यावरचा खर्च आणि त्याच्या आगेमागे ठरावीक दिवसांतल्या तपासण्या बसतात. ओपीडीचं वेगळं कवच घेतलेलं असेल तरच बाहेरच्या तपासणीचा विचार होतो, आणि तिथेही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ‘एक दिवस अ‍ॅडमिट व्हा, सगळ्या टेस्ट बसवून देतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. निव्वळ तपासणीसाठी दाखल होणं हे विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळलेल्या बाबींत येतं. क्लेम फेटाळला की दवाखान्याचं बिलही तुमच्या गळ्यात.

त्यापेक्षा तुमची पगाराची स्लिप काढून बघा. पॅकिंग लाइनवर आहात आणि पगार महिना २१,००० च्या आत आहे तर त्यात ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, कपात असणार. पगाराचा ०.७५ टक्के तुमचा आणि ३.२५ टक्के कंपनीचा. अठरा हजार पगार धरला तर दरमहा १३५ रुपये तुमच्या खिशातून जातात. वर्षानुवर्षं हे पैसे भरून बायका खाजगी लॅबमध्ये हप्ते भरतात, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. कार्डावर नोंदलेल्या दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरांकडे आधी जायचं, तिथून हॉस्पिटलला चिठ्ठी, आणि पोटविकारतज्ज्ञ किंवा दुर्बिणीची गरज पडली तर पुढे पाठवतात. काही सुविधा तुम्ही किती काळ वर्गणी भरली यावर ठरतात, ते खिडकीवर विचारा. रांग असते, दोन-तीन खेपा होतात, एखादी सुट्टी जाते. पण टीटीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शौचाची तपासणी यांचं बिल तुम्हाला भरावं लागत नाही. आणि आजारपणासाठी डॉक्टरांनी रजा लिहून दिली आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत.

ईएसआय नसेल तर भिशीतले दोन-तीन हजार बाजूला काढा, त्यात टीटीजी आणि रक्ताच्या बाकी तपासण्या होतील. आतड्याला सूज आहे का हे सांगणारी कॅलप्रोटेक्टिन नावाची शौचाची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली तर अजून काही हजार लागतील. ते खर्च करण्याजोगे आहेत, कारण आयबीएस आणि सुजेचा आजार यांतला फरक सांगायला ती मदत करते. एकदा पोटविकारतज्ज्ञांची फी, एकदा चांगल्या आहारतज्ज्ञाची फी, एवढं धरूनही साडेसोळा हजारांच्या पुष्कळ आत राहाल. आहारतज्ज्ञ निवडताना एकच बघा: ती स्वतः पावडरी, कॅप्सूल किंवा टेस्टची पॅकेजं विकते का. विकत असेल तर दुसरीकडे जा.

जाताना वही, जुनी सोनोग्राफी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या-नव्या वजनाचे आकडे बरोबर घ्या. टेस्ट लिहून देण्याआधी डॉक्टरांना सांगा, ‘दोन महिन्यांपासून गहू बंद आहे.’ आणि जायच्या आधीच शौचातून रक्त दिसलं, ताप येऊ लागला किंवा पोट फुगून उलट्या होऊन वायूही सरेनासा झाला, तर वही भरायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.